सोसायटीचा इव्हॅक्युएशन प्लॅन काढायचाय? कमी खर्चातलं सॉफ्टवेअर असं निवडा

आमच्या सोसायटीच्या फायर ऑडिटमध्ये शेरा आला की प्रत्येक मजल्यावर इव्हॅक्युएशन प्लॅन, म्हणजे आग लागली तर बाहेर कसं पडायचं हे दाखवणारा नकाशा, लावा, आणि कमिटीत लगेच चर्चा सुरू झाली कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं. माझं म्हणणं, लॅपटॉप नंतर उघडा. आधी कागद-पेन आणि मेजरटेप घ्या, वॉचमनला सोबत घ्या आणि टेरेसपासून गेटपर्यंत जिन्याने उतरा. वॉचमनच का, तर टेरेसच्या दाराची चावी कुणाकडे असते, कुठल्या मजल्यावर जिन्यात सायकली अन् कुंड्या ठेवल्यात हे त्याला पक्कं माहीत असतं. फायर एक्स्टिंग्विशर, होज रील, अलार्मचं बटण, रेफ्युज एरिया (आगीच्या वेळी थांबायची सुरक्षित जागा), बाहेर सगळ्यांनी जमायची जागा, सगळं कच्चं काढून घ्या. एवढं झालं की सॉफ्टवेअरकडून काय हवंय ते कळतं आणि ते फार नसतंच: भिंती, दारं, जिने, हिरवे बाण, चिन्हं, नीट दिसणारी मराठी अक्षरं आणि ए-३ साइजची प्रिंट.

म्हणजे ऑटोकॅड, आर्किटेक्ट वापरतात ते ड्रॉइंग सॉफ्टवेअर, नको. आर्किटेक्टकडे असेल तर असू दे, आपल्याला त्याचं भाडं भरायची गरज नाही. त्यांच्याकडून मजल्याच्या नकाशाची डीएक्सएफ फाइल (वेगवेगळ्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये चालणारी) मागा, ती क्यूकॅड या ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या फुकट कम्युनिटी एडिशनमध्ये उघडते. ऑटोकॅडची नेहमीची डीडब्ल्यूजी फाइल त्यात उघडत नाही, त्यामुळे मागतानाच स्पष्ट सांगा. फक्त पीडीएफ मिळाली तरी चालतं, लिबरऑफिस ड्रॉमध्ये पीडीएफ उघडून नको त्या रेघा उडवता येतात.

आता माझी निवड सांगतो. साध्या इमारतीसाठी लिबरऑफिस ड्रॉ. पूर्ण फुकट, नेट लागत नाही, युनिकोड मराठी थेट टाइप होते आणि ज्याला वर्डसारखं काही वापरायची सवय आहे त्याचा हात एक-दोन संध्याकाळीत बसतो. ड्रॉ डॉट आयओ पण फुकट आहे, भिंती-दारांचे तयार आकार मिळतात, घाई असेल तर ते घ्या. इंकस्केपमध्ये काम सर्वात देखणं होतं पण शिकायला वेळ लागतो. स्मार्टड्रॉ, एड्रॉमॅक्स, व्हिजिओ यांच्यात तयार साहित्य भरपूर आहे, मोठं हॉस्पिटल किंवा मॉल असेल तर पैसे वसूल होतील, सात मजल्यांच्या सोसायटीला नाही.

आणि सबस्क्रिप्शनचं एक लक्षात ठेवा. ओळखीच्या एका सोसायटीने पैसे भरून सुंदर प्लॅन काढले, वर्षाने सबस्क्रिप्शन संपलं आणि फाइल त्या सॉफ्टवेअरशिवाय कुठेच उघडेना, एक एक्स्टिंग्विशर हलवला म्हणून सगळे मजले परत काढावे लागले. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सवाल्या एजन्सीकडून बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घ्यावा लागतो, त्या तपासणीत काही ना काही बदलतंच. म्हणून फाइल दर सहा महिन्यांनी उघडणार हे धरूनच निवडा, आणि सेक्रेटरी बदलला तरी उघडली पाहिजे.

निवडायच्या आधी एकच मजला काढून परीक्षा घ्या. पहिली परीक्षा मराठीची. ‘अग्निशमन’, ‘बाहेर पडण्याचा मार्ग’ असं टाइप करा, पीडीएफ करा आणि ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा, जोडाक्षरं फुटली तर ते सॉफ्टवेअर बाद. दुसरी चिन्हांची. आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकातली सुरक्षेची चिन्हं विकिमीडिया कॉमन्स या वेबसाइटवर एसव्हीजी प्रकारच्या चित्र-फाइलमध्ये फुकट मिळतात, बाहेर पडायची हिरवी, आगीच्या साधनांची लाल, ती कितीही मोठी केली तरी कडा फाटल्या नाही पाहिजेत.

तिसरी परीक्षा फिरवण्याची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. मी पहिला प्लॅन लिफ्टसमोरच्या भिंतीवर लावला आणि समोर उभा राहिलो तर बाण डावीकडे, जिना माझ्या उजवीकडे! नकाशात उत्तर वर होती, माणूस मात्र दक्षिणेकडे तोंड करून उभा. आयएसओ २३६०१ हे अशा नकाशांचं मानक पण हेच सांगतं, वाचणारा जसा उभा आहे तसाच नकाशा हवा आणि ‘तुम्ही इथे आहात’ ठळक हवं. म्हणून भिंती-बाण एका लेयरवर (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा थर) आणि अक्षरं वेगळ्या लेयरवर ठेवा, मग समोरासमोरच्या दोन भिंतींसाठी नकाशा १८० अंशांत फिरवला तरी अक्षरं उलटी होत नाहीत, फक्त जागेवर सरकवायची.

हे मी एवढं ताणून सांगतोय कारण धुरात कुणी नकाशा वाचत बसत नाही, रोज जाता-येता जे दिसलं तेच आठवतं. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत कमला मिल्समधल्या आगीत १४ जण गेले, त्यातले बरेच जण आसऱ्याला टॉयलेटमध्ये शिरले आणि तिथेच गुदमरले. म्हणून ‘लिफ्ट वापरू नका’ आणि १०१ हा नंबर मोठ्या अक्षरात टाका, सजावट नको.

एक स्पष्ट सांगतो, हा भिंतीवर लावायचा नकाशा आहे. फायर एनओसीसाठीची (अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्यासाठीची) ड्रॉइंग आर्किटेक्टसारख्या तज्ज्ञाकडून करून घ्यायची असतात. आपलाही प्लॅन छापायच्या आधी एजन्सीच्या माणसाला दाखवून घ्या.

शेवटी साध्या कागदावर प्रिंट काढा, सेलोटेपने लिफ्टशेजारी चिकटवा आणि मजल्यावरच्या एखाद्या आजींना बोलवून विचारा, ‘आजी, आत्ता आग लागली तर कुठून जाल?’ त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि हात बरोबर जिन्याकडे गेला, की मगच कलर प्रिंट लॅमिनेशनला टाका.