कालव्यावरचा रात्रीचा मुक्काम: टवाळखोरांपासून नॅरोबोट कशी जपावी

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब, अरुंद बोट, घेऊन फिरताना बहुतेक रात्री काहीही घडत नाही. जिथे उपद्रव होतो त्या जागा ठरलेल्या, वेळा ठरलेल्या आणि प्रकारही ठरलेले: बांधलेले दोर सोडून देणं, काठावरच्या खुंट्या उपटणं, छपरावर चढून नाचणं, पुलावरून दगड मारणं, छपरावरची सायकल किंवा कोळशाची पोती पळवणं आणि रात्री लॉकची (बोट वर-खाली नेणाऱ्या, फाटकांमधल्या पाण्याच्या कप्प्याची) पॅडल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, उघडून पाणी सोडून देणं. यातला शेवटचा प्रकार चोरीपेक्षा महागात पडतो. तरीही नवखी मंडळी सगळा खर्च कुलपांवर करतात. इथे आधी जागा, मग दोर, मग पाणी पाहू. कुलपांचा नंबर बराच खाली लागतो.

कुठे थांबायचं, कधी निघायचं

मोठ्या शहरातला लॉकांचा टप्पा सकाळी उरकायचा, हा जुन्या बोटवाल्यांचा नियम अजूनही खरा आहे. मँचेस्टरचं उदाहरण घ्या. कॅसलफील्डहून वर चढताना आधी रॉचडेल कालव्याचे ९ लॉक लागतात आणि ड्यूसी स्ट्रीटला वळलं की अ‍ॅश्टन कालव्याचे १८. अ‍ॅश्टनच्या त्या चढणीत मुक्कामाला जागाच नाही असं धरून चला. शाळेच्या दिवशी पहाटे निघालात तर दुपारी पोरं शाळेतून सुटायच्या आत बराचसा भाग मागे पडतो. तोच टप्पा सुटीतल्या शनिवारी दुपारी सुरू केलात, तर प्रत्येक लॉकवर आठ-दहा प्रेक्षक भेटतील आणि सगळेच नुसते प्रेक्षक नसतील.

जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत शाळांना सुटी असते आणि उजेड रात्री उशिरापर्यंत रेंगाळतो. शहरालगतच्या मुक्कामाला हाच काळ जास्त जाचक. दुसरा काळ म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटपर्यंतचा. हॅलोवीन आणि उत्तरेकडची ‘मिस्चिफ नाइट’ (खोड्या काढायची रात्र) त्यातच येतात, आणि फटाके बोटीच्या दिशेने सोडणारे महाभाग तेव्हाच उगवतात. त्या आठवड्यात शहराबाहेर राहावं किंवा फाटक असलेल्या मरीनात जागा घ्यावी.

शहराचा मध्यभाग धोक्याचा आणि बाहेरचा भाग शांत, हा अंदाज बऱ्याचदा उलटा निघतो. बर्मिंगहॅमचं गॅस स्ट्रीट बेसिन किंवा मँचेस्टरचं कॅसलफील्ड इथे रात्री आवाज असतो, पण दिवे, हॉटेलं, येणारी-जाणारी माणसं आणि शेजारी बोटीही असतात. लिव्हरपूलच्या सॉल्टहाउस डॉकमध्ये आगाऊ नोंदणी करून जावं लागतं, तिथे झोप निवांत लागते. खरी कटकट मधल्या पट्ट्यात असते: मध्यभागापासून दोन-तीन मैलांवर, बंद पडलेल्या गिरण्या, गोदामांच्या मागच्या भिंती, आणि टोपाथवर (काठावरच्या पायवाटेवर) एकही खिडकी उघडत नाही असा भाग. तिथे थांबू नका, पुढे चला.

जागा निवडताना काठ वाचायला शिका. नुसत्या भिंतीवरच्या रंगरंगोटीवरून फार काही कळत नाही. गवतावर जळल्याचे गोल डाग, कचरापेटीचं वितळलेलं प्लॅस्टिक, फुटक्या बाटल्या, लाफिंग गॅसच्या रिकाम्या नळकांड्या दिसल्या तर तिथे रात्री बैठक भरते, हे नक्की. बाक, पुलाखालचा आडोसा आणि गाडी थेट काठापर्यंत येईल अशी जागा टाळा. चोराला माल व्हॅनपर्यंत न्यायचा असतो. पुलापासून किमान दोन बोटींच्या लांबीइतकं अंतर ठेवा. धुराड्यातून धूर निघणाऱ्या, छपरावर कुंड्या असलेल्या दोन-तीन बोटी दिसल्या तर त्यांच्याजवळ बांधा. तिथे कायम राहणाऱ्यांना विचारा, ‘रात्री इथे कसं असतं?’ याहून पक्की माहिती कुठल्याही अ‍ॅपवर मिळत नाही.

लॉकच्या तोंडाशी असलेला धक्का आणि पाणी भरण्याची जागा मुक्कामासाठी नसते, कितीही सुरक्षित वाटली तरी. आणि निर्णय सूर्यास्ताच्या दोन तास आधी घ्या. भाड्याच्या बोटी अंधारात चालवायला बहुतेक कंपन्यांची मनाई असते, त्यामुळे अंधार पडल्यावर जागा वाईट निघाली तर हात बांधलेले राहतात.

दोर असे बांधा

काठावर गाठ मारायचीच नाही. दोराचं एक टोक बोटीवर पक्कं करा, दुसरं काठावरच्या कडीतून ओवून परत बोटीवर आणा आणि गाठ तिथे मारा: पुढे टी-स्टडवर, मागे डॉलीवर (दोन्ही बोटीवरचे दोर बांधायचे खुंट). काठावर उभ्या असलेल्याच्या हाताला फक्त दोराचा वेढा लागतो, सोडायला काही सापडत नाही. गंमत म्हणून दोर सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण एवढ्यानेच पुढे जातात. चाकू घेऊन आलेल्यावर याचा इलाज नाही, पण तसे विरळा. तुम्हाला घाईत निघायचं झालं तर काठावर पाय न ठेवता दोर सुटतो, हा दुसरा फायदा.

काठाला लोखंडी पत्रे ठोकलेले असतील तर पत्र्यांच्या आडव्या पट्टीमागून छोटी साखळी घाला, तिच्या एका टोकाची कडी दुसऱ्या टोकाच्या मोठ्या कडीतून ओढून घ्या आणि दोर त्या कडीत ओवा. पट्टीत अडकवायची वाकडी स्प्रिंगची क्लिप, जिला सगळे ‘नॅपी पिन’ म्हणतात, तीही चालते. पण दोर सैल पडला की ती निसटते आणि टोपाथवरून उचलायलाही सोपी. रात्रीसाठी साखळीच बरी.

नुसता मातीचा काठ असेल तर खुंट्या. खुंटी सरळ उभी ठोकू नका. तिचं डोकं बोटीपासून दूर झुकलेलं हवं, म्हणजे दोराच्या ओढीने ती वर येत नाही. प्रत्येक टोकाला दोन खुंट्या घ्या. पहिलीच्या कडीतून दुसरी उलट्या तिरपेने ठोका, म्हणजे दोघींची फुली होते. एक खुंटी हाताने हलवून उपटता येते. फुली उपटायला हातोडा लागतो. डोकं जमिनीपासून चार बोटांपेक्षा वर ठेवू नका आणि त्यावर पांढरी पिशवी किंवा चिरलेला टेनिसचा चेंडू बसवा. त्याने खुंटी उठून दिसते हे खरं, पण अंधारात सायकलवाला अडखळून पडला तर ते प्रकरण तुमच्यावर शेकतं.

पुढचा दोर पुढे आणि मागचा मागे, साधारण ४५ अंशांत न्या. छपरावरच्या मधल्या दोराने रात्रभर बोट बांधून ठेवू नका. शेजारून दुसरी बोट गेली की तो बोटीला कलंडवतो, आणि काठावरून कोणी ओढला तर आत सगळी भांडी खाली येतात. तो गुंडाळून छपरावर, काठावरून हात पोचणार नाही असा ठेवा.

साखळीला कुलूप घालावं का? बोट रिकामी सोडून जाणार असाल तर एका टोकाला घाला. आत माणसं झोपलेली असताना नको. आग लागली, पाणी उतरलं किंवा बाहेरचा जमाव बिथरला, तर किल्ली शोधण्यात जाणारी दोन मिनिटं परवडत नाहीत.

एवढं करूनही रात्री जाग आली आणि बोट कालव्याच्या मधोमध असली, तर आधी इंजिन लावायचा मोह आवरा. सुटलेले दोर पाण्यात असतात आणि बोटीचा पंखा (प्रॉपेलर) फिरला की पहिल्या काही फेऱ्यांत ते त्यात गुंडाळले जातात. मग वीड हॅच (पंख्यावरचं झाकण) उघडून बर्फगार पाण्यात हात घालून कापत बसा. लाइफजॅकेट घाला, दोन्ही दोर वर ओढून घ्या आणि लांब बांबूने तळाला रेटा देऊन बोट काठाला आणा. कालवा बहुतेक ठिकाणी मीटर-दीड मीटरच खोल असतो, बांबू तळाला सहज टेकतो.

पाणी उतरलं तर

दोन लॉकमधल्या पाण्याच्या पट्ट्याला पाउंड म्हणतात. पाउंड आखूड असेल आणि कोणी खालच्या लॉकची पॅडल उघडी टाकली, तर रात्रीतून तो रिकामा होऊ शकतो. म्हणून लॉकांच्या रांगेच्या मधे मुक्काम नको. एकतर सगळे चढून मैलोगणती लांब पाउंडवर थांबा, नाहीतर चढायला सुरुवातच सकाळी करा.

दोर ताणून बांधलेली बोट अशा वेळी खाली जाऊ शकत नाही. काठाकडची बाजू दोरावर किंवा काठाच्या कंगोऱ्यावर लटकते आणि दुसरी उतरत राहते. बोट कलंडली की बेसिनचा पाणी जाण्याचा पाइप, इंजिनाच्या खोलीचे झरोके अशी एरवी पाण्याच्या वर असणारी भोकं पाण्याखाली जातात. पाउंड परत भरायला लागला की बोट तरंगण्याआधी तीच भरते. म्हणून दोरांत थोडी ढील ठेवा: बोट काठापासून वीतभर हलावी, पण मागेपुढे हिंदकळू नये.

पलंग तिरका वाटला, कपाटाचं दार आपोआप उघडलं, तर उठून आधी दोर सैल करा. मग सगळ्यांना वर घ्या. टॉर्च आणि विंडलास (पॅडल फिरवायचा दांडा) घेऊन दोघांनी खालच्या लॉकपर्यंत जा आणि उघडी पॅडल बंद करा. वरच्या लॉकमधून स्वतःच्या मनाने पाणी सोडायला धावू नका. वरचा पाउंड रिकामा होऊन तिथली बोट बसेल. कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टला कळवा. गाळात रुतलेली बोट इंजिनाच्या जोरावर काढू पाहिलीत तर पंखा चिखल ढवळतो, आणि कालव्याचं पाणी आत घेऊन थंड होणारं इंजिन असेल तर तो चिखल थेट तिथे जातो.

उत्तरेकडच्या आणि बर्मिंगहॅमच्या काही कालव्यांवर याच कारणासाठी पॅडलना कुलपं असतात. त्यांची ‘हँडकफ की’ बोटींच्या सामानाच्या दुकानात मिळते. दोन घ्या, एक पाण्यात पडतेच. प्रत्येक लॉक ओलांडल्यावर कुलूप परत लावा; तुम्ही उघडं सोडलेलं कुलूप रात्री कोणा तरी दुसऱ्याची बोट बसवतं.

पोरं समोर आली तर

आधी आपण ‘हॅलो’ म्हणा. अर्धा ताण तिथेच उतरतो. बहुतेकांना बोट बघायची असते, प्रश्न विचारायचे असतात. लॉकचं फाटक ढकलायला मदत करू दिली तरी चालेल, पण विंडलास कोणाच्या हाती देऊ नका आणि पॅडलच्या दांड्यावर लावून सोडूही नका. अडसर निसटला की ते गरगर फिरतं आणि मनगट मोडतं. लॉकमध्ये बोट असताना सुकाणूवरचा माणूस बोट सोडत नाही. पुढचं दार आतून बंद ठेवा; तुम्ही मागे गुंतलेले असताना भुरटा चोर पुढून शिरतो.

पुलावर घोळका दिसला तर दुरूनच नजर ठेवा, बाकीच्यांना आत पाठवा, वेग कायम ठेवा आणि पुलाखाली थांबू नका. दगड आलाच तर उतरून पाठलाग करायचा नाही, शिव्यांना उत्तर द्यायचं नाही. कालव्यावर तुमचा वेग ताशी चार मैल आणि त्यांच्याकडे सायकली, हे विसरू नका. फोटो काढता आला तर आतून काढा, फोन नाकासमोर नाचवू नका.

बोटीवरची तयारी

अंधार पडायच्या आत पडदे ओढा. छपरावरची सायकल, जनरेटर, पितळी पट्ट्यांचं धुराडं आत घ्या किंवा साखळीने जखडा. डिझेलच्या टाकीला किल्लीचं झाकण बसवा. बाहेरच्या दारांना कडी झाकलेलं जाड कुलूप हवं. हालचालीवर पेटणारा एखादा दिवा पुढच्या आणि मागच्या डेकवर लावला तर कॅमेऱ्याइतकाच उपयोगी पडतो आणि स्वस्तात होतो.

भीतीपोटी दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. एक, आत झोपलेले असताना दुसरं दार बाहेरून कुलपात ठेवणं. आगीत बाहेर पडायला दोन्ही वाटा आतून, किल्लीशिवाय उघडल्या पाहिजेत. दुसरी, झरोके बोळे घालून बुजवणं. स्टोव्ह पेटलेला असताना हवा बंद झाली की कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि तो कुठल्याही टवाळखोरापेक्षा घातक. राहण्याची सोय असलेल्या बोटींवर त्याचा अलार्म एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे. दर आठवड्याला बटण दाबून तपासा.

कोणाला कळवायचं

कोणी बोटीवर चढलंय, दार फोडतंय, धमकावतंय, तर ९९९ हा तातडीचा नंबर. बोलणं शक्य नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावा आणि सांगितलं जाईल तेव्हा ५५ दाबा. मात्र त्याने तुमची जागा पोलिसांना आपोआप कळत नाही. ९९९ ला मेसेजही पाठवता येतो, पण त्यासाठी आधी ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ वर पाठवून नोंदणी करावी लागते. निघण्यापूर्वीच करून ठेवा. होऊन गेलेल्या प्रकारासाठी पोलिसांचा १०१, आणि लॉक, पाणी किंवा काठाबद्दल ट्रस्टचा ०३०३ ०४० ४०४०.

फोनवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘तुम्ही कुठे आहात’ यावर. कालव्याला पिनकोड नसतो. म्हणून बोट बांधली की लगेच कागदावर लिहून दाराशी चिकटवा: कालव्याचं नाव, सर्वात जवळच्या पुलाचा नंबर (पुलावरच्या पाटीवर असतो), तो पूल ज्या रस्त्याचा आहे त्याचं नाव आणि तिथून तुम्ही कोणत्या दिशेला किती अंतरावर आहात. व्हॉट थ्री वर्ड्स (प्रत्येक जागेला तीन शब्दांचा पत्ता देणारं अ‍ॅप) चे तीन शब्दही शेजारी लिहा.

किरकोळ प्रकारही कळवा आणि प्रत्येक वेळी संदर्भ क्रमांक घ्या. विम्याच्या दाव्याला तो लागतोच. परवान्यासाठी लागणारा २० लाख पौंडांचा विमा फक्त इतरांच्या नुकसानीचा असतो. तुमच्या बोटीची चोरी-मोडतोड त्यात धरली आहे का, हे पॉलिसीत बघून घ्या. एकाच जागी कायम राहणाऱ्यांना या क्रमांकांचा आणखी एक उपयोग आहे. सहा महिन्यांत तीन तक्रारी करूनही काही झालं नाही, तर २०१४ च्या कायद्यानुसार स्थानिक यंत्रणांकडे ‘अँटिसोशल बिहेवियर केस रिव्ह्यू’ मागता येतो. मग पोलिस आणि कौन्सिल (स्थानिक पालिका) यांना एकत्र बसून काय केलं आणि काय करणार याचं उत्तर द्यावं लागतं. अर्ज बहुधा कौन्सिलच्या संकेतस्थळावरच असतो, आणि त्यात तारखा व संदर्भ क्रमांक विचारतात.