सोलापूरहून कॅरिबियनला जाताना मुक्काम कसा निवडावा
सोलापुरातून कॅरिबियन बेटांवर सुटीसाठी जायचे ठरले, तर हॉटेलचे दर पाहण्याआधी नकाशा उघडून मुक्काम बेटाच्या कोणत्या किनाऱ्यावर आहे, हे पाहावे. या भागात वारे बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे बार्बाडोसच्या पूर्वेला, बाथशेबापाशी, अटलांटिकच्या मोठ्या लाटा फुटतात आणि तेथे पोहणे धोक्याचे असते, तर त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी बहुधा शांत असते. आपल्याकडील बहुतेकांना समुद्रात पोहण्याची सवय नसते. म्हणून मुले आणि वडीलधारी मंडळी बरोबर असल्यास पश्चिमेचाच आग्रह धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो, म्हणजे दिवाळीची सुटी त्यातच येते. तेव्हाच जायचे असेल, तर वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून दक्षिणेला असलेली अरुबा किंवा कुरासाव ही बेटे निवडावीत आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतील असेच आरक्षण करावे.

शाकाहारी कुटुंबाने जेवणासह ठरवलेल्या रिसॉर्टपेक्षा स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट घ्यावे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर न्यायची असेल, तर खाद्यपदार्थांविषयीचे त्या देशाचे नियम आधी वाचावेत. त्रिनिदादमध्ये मात्र ही चिंता बरीच कमी होते, कारण १८४५ पासून तेथे गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांमुळे रोटी आणि छोले भरलेले ‘डबल्स’ रस्त्यावरच्या गाड्यांवरही मिळतात.