नवीन अपग्रेड चाललं का नाही, टीव्हीवर कसं ओळखायचं
भाऊ, फॉर्म्युला वन रेसिंगमधे सीझनच्या मधे टीमनं अपग्रेड, म्हंजे सुधारलेला भाग, जसा नवीन फ्लोअर (गाडीचा खालचा तळ) आणला की लगेच लॅप टाइम (एका फेरीचा वेळ) पाहू नका, आधी शुक्रवारची प्रॅक्टिस पाहा, गाडीवर हिरवा-पिवळा रंग फासलेला दिसला तर हवा कुठून जाते ते तपासताहेत. मग ऑनबोर्ड, म्हंजे गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र, लावा. स्टीअरिंग वळवूनबी नाक बाहेरच जातंय म्हणजे अंडरस्टीअर, रावेरला केळीची ट्रॉली जास्त भरली की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं ना, तसंच. ड्रायव्हर उलटं स्टीअरिंग मारतोय तर ओव्हरस्टीअर, मागचं सुटतंय, मग पुढच्या विंगच्या (पंखाच्या) फ्लॅपचा, म्हंजे पट्टीचा, कोन कमी करतात. एकाच ट्रॅकवरून ठरवू नका बरं, मॅक्लारेन टीमनं 2023 ला ऑस्ट्रियात सुधारणा आणली, त्यांचा ड्रायव्हर नॉरिस चौथा, पुढं इंग्लंडच्या सिल्वरस्टोन ट्रॅकला दुसरा, तेव्हा खरं पटलं.