डुकरासाठी लावलेला फास कसा ओळखावा

राधानगरी ते चांदोली हा वाघ-बिबट्यांचा ये-जा करायचा पट्टा. इथं शेत जंगलाला लागून असेल, तर दिवसाउजेडी बांधावरनं एक फेरी माराच. फास रानडुकरासाठी लावतात, पण बिबट्याचीही वाट तीच. कुंपणाच्या फटीत, गुडघ्याच्या खाली बघा : दुचाकीच्या क्लचची तार, सरकगाठ मारलेली, दुसरं टोक खुंट्याला. जनावर ओढेल तशी ती आवळत जाते. कमरेला बसली तर आतली इजा बाहेरून दिसतसुद्धा नाही.

रिकामा फास दिसला तर फोटो काढा, वनरक्षकाला कळवा.

बिबट्या अडकला असेल तर आधी गर्दी हटवा, हात जोडून सांगतो. माणसं बघून तो झटके देतो, तार आणखी रुतते. वनविभागाला १९२६ वर फोन लावा. सोडवायला स्वतः जाऊ नका. भूल देऊन तार कापणं डॉक्टरांचं काम.