दुधाच्या वहीपासून प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर

कोणती लँग्वेज शिकू, जावा का पायथन, किती महिन्यात जॉब लागेल, हे गावाकडची पोरं मला सारखं विचारतात आणि मी प्रत्येकाला एकच उलटा प्रश्न विचारतो, तुमच्या घरात रोज वहीत काय लिहिलं जातं? कुणाच्या दुकानाची उधारी असते, कुणाच्या आईकडं बचत गटाचं रजिस्टर असतं, आमच्याकडं सांगोल्याला दुधाची वही आहे. तिथून सुरुवात करा. कारण उत्तर बरोबर आलं का हे तुम्हाला तिथं कुणाला विचारावं लागत नाही, घरातल्यांना ते तोंडपाठ असतं. व्हिडिओ बघून केलेल्या टू-डू अ‍ॅपमध्ये हे नसतं, ते चाललं काय आणि नाही काय, कुणाचंच अडत नाही, म्हणून आपणही मध्येच सोडून देतो.

आधी मशीनचं बघू. नवीन लॅपटॉप घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, त्यामुळं चांगली चालणारी मशीनं घराघरात कपाटावर पडलीत. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची (विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती व्यवस्थित चालते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर मशीन ओळखू येणार नाही इतकं पळतं, पैसे घालायचे तर तिथंच घाला. लॅपटॉपमधले फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, हे दुसरं काम लोक करत नाहीत आणि मग रडतात. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची फाइल एचर किंवा रूफस या टूलने लिहायची, लॅपटॉप सुरू होताना एफ१२ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्हवरून बूट करायचं (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) आणि लगेच इन्स्टॉल न करता नुसतं लाइव्ह मोडमध्ये तासभर वापरायचं. यात तुमच्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, टचपॅड सगळं चालतंय असं दिसलं की मगच इन्स्टॉल करा.

मराठी कीबोर्डही तेव्हाच लावून घ्या. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिका, खरंच शिका, के वर क, जे वर र, एल वर त, ई वर काना, डी वर हलंत, उजव्या हाताला व्यंजनं आणि डाव्या हाताला मात्रा. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला की हात बसतो.

टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, घाबरू नका पण मस्तीही करू नका. एलएस (ls, फाइलींची यादी), सीडी (cd, फोल्डर बदलायला), सीपी (cp, कॉपी), एमव्ही (mv, हलवायला), ग्रेप (grep, मजकूर शोधायला) एवढ्या पाच कमांडवर पहिला महिना निघतो. फाइल पुसणारी आरएम (rm) मात्र वेगळी, तिने उडवलेली फाइल कचऱ्याच्या डब्यात जात नाही, ती गेलीच, म्हणून एंटर दाबायच्या आधी ओळ एकदा तोंडाने वाचायची. आणि अडलं की आधी मॅन (man) लिहून पुढं कमांडचं नाव टाका, माहिती मशीनमध्येच आहे, नेट नसलं तरी.

आता वही. आमच्याकडं डेअरीचं बिल दहा दिवसांनी येतं. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस नोंदी, प्रत्येक नोंदीत लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). दर ठरतो संकलन केंद्रावर लावलेल्या दरपत्रकावरून, गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात आणि त्याच्या वरखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, दर बदलतो. त्या दरपत्रकाचा फोटो काढा आणि घरी बसून एका साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (ओळीतले आकडे स्वल्पविरामाने वेगळे केलेली मजकुराची फाइल) टाइप करा. वहीतल्या नोंदी दुसऱ्या फाइलमध्ये. दर प्रोग्रॅमच्या आत लिहू नका! दर बदलला की नवीन तारखेची नवीन फाइल, प्रोग्रॅम तोच, कारण मागच्या महिन्याचं बिल परत तपासायची वेळ येते तेव्हा तुम्हाला मागचाच दर लागतो. हे एवढं कळलं तर सॉफ्टवेअरमधलं बरंच काही कळलं, मी नोकरीत मोठमोठ्या सिस्टिममध्ये हीच चूक बघितलीये, टक्केवारी कोडमध्ये घुसवलेली आणि ती बदलायला आठ दिवस आणि चार मीटिंगा.

पायथन घ्या, मिंटमध्ये ते आधीच असतं. प्रोग्रॅमला काम एवढंच, नोंदीची एक ओळ वाचायची, फॅट आणि एसएनएफवरून दर शोधायचा, लिटरने गुणायचं, बेरीज करत जायचं. पहिल्या दिवशी फक्त फाइल वाचून ओळी जशाच्या तशा स्क्रीनवर छापा, बस. दुसऱ्या दिवशी ओळ तोडून लिटर वेगळं काढा. एकदम सगळं लिहायला जाऊ नका, कारण मग एरर कुठून आली तेच कळत नाही.

माझा पहिला दीड दिवस आकड्यांत गेला. वडील मराठी आकड्यांत लिहितात, मीही नोंदी तशाच टाइप केल्या, दरपत्रक मात्र इंग्रजी आकड्यांत. दर सापडेचना. स्क्रीनवर दोन्ही बघतोय, दोन्ही तीन पॉइंट आठच आहेत, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं, मजकूर म्हणून तुलना केली की जुळणारच नाहीत. उपाय इतका सोपा निघाला की मला अजून आनंद होतो, पायथन देवनागरी आकडे थेट संख्या म्हणून वाचतं, दोन्हीकडं आधी संख्येत रूपांतर करा आणि मग तुलना करा. वडिलांना त्यांचं लिहिणं बदलायला सांगायची गरजच नाही. मशीनने माणसाच्या सवयीला जुळवून घ्यायचं, आणि ते तसं जुळवून घेतं हे आपल्या हातानं एकदा करून बघितलं की कुठलंही अ‍ॅप वापरताना आपण वेगळ्या नजरेनं बघतो.

दुसरी गोष्ट पैशाची. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा, उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं, कारण आत आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ मध्ये, ठेवतात आणि ०.१ बायनरीत नेमका बसत नाही, जसं एक तृतीयांश आपल्याला दशांशात पूर्ण लिहिता येत नाही तसं. पैशाच्या हिशोबाला हे चालत नाही. म्हणून डेसिमल नावाचं मॉड्यूल वापरा आणि त्याला आकडा अवतरण चिन्हात, म्हणजे मजकूर म्हणून द्या, नाहीतर चुकीची शेपटी आधीच चिकटून येते. ८.४ लिटर आणि ३४ रुपये २० पैसे दर म्हणजे २८७ रुपये २८ पैसे, एवढंच यायला पाहिजे, पुढं काही नाही. पैसे राउंड कुठं करायचे, प्रत्येक नोंदीला का शेवटच्या बेरजेला, हे मात्र डेअरीच्या पावतीवर बघा आणि तसंच करा.

पहिल्यांदा मी बिल जुळवलं तेव्हा २० रुपये १६ पैशांचा फरक आला आणि माझ्या मनात लगेच डेअरीवर संशय. वडील म्हणाले, "थांब, आधी आपली वही बघू." एक एक ओळ बोट ठेवून बघितली तर एका संध्याकाळी त्यांनी ३.९ लिहिलेलं मी ३.१ टाकलं होतं, त्यांच्या हातचे नऊ आणि एक सारखेच दिसतात. त्या रात्री प्रोग्रॅममध्ये तपासणी टाकली, आधीच्या नोंदीपेक्षा फॅट ०.५ पेक्षा जास्त हललं तर थांब आणि ओळ नंबर दाखव. अशा तपासण्या स्वतःच्या चुकीतून लिहा, त्या जन्मभर लक्षात राहतात.

प्रोग्रॅम चालायला लागला की गिट शिका, फाइलींमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट का लिहिलं हे माहीत असू द्या, लिनक्सच्या कर्नेलचं (त्याच्या गाभ्याचं) काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या एका कंपनीच्या टूलवर चालायचं, ते फुकट वापरायची परवानगी काढून घेतली गेली आणि मग त्याने स्वतःचंच टूल बनवलं. तुमचा हिशोबही दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये असेल तर तुमची तीच गत, उद्या त्यांनी पैसे मागितले की द्या नाहीतर डेटा सोडा. सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. गिट आधी फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर वापरा, रोज काम संपलं की एक कमिट (त्या दिवसाच्या बदलांची नोंद) आणि त्यात काय बदललं ते मराठीत लिहिलं तरी चालतं. गिटहबवर, म्हणजे कोड लोकांना दाखवायच्या वेबसाइटवर, टाकाल तेव्हा प्रोग्रॅम टाका, घरचे आकडे नाही, नमुन्याला खोट्या दहा ओळी पुरतात, आणि पासवर्ड तर कधीच नाही, कारण नंतर पुसला तरी तो जुन्या कमिटमध्ये राहतो.

एआयला विचारू नका असं मी म्हणणार नाही, मीही विचारतो. पण आधी अर्धा तास स्वतः झगडा, एररची शेवटची ओळ वाचा, ओळ नंबर बघा, आणि त्याने दिलेला कोड चिकटवायच्या आधी प्रत्येक ओळ काय करते ते स्वतःला मोठ्यानं सांगा. जी ओळ सांगता येत नाही ती ठेवू नका.

आता नोकरी, कारण प्रश्न तिथूनच येतो. पुण्यात भरतीच्या पहिल्या फेरीत अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगची टेस्ट असते, त्याचा सराव वेगळा करावाच लागतो, अ‍ॅरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, सॉर्टिंग, रोज दोन प्रश्न. पण मी स्वतः इंटरव्ह्यूला समोर बसतो तेव्हा रेझ्युमेवरच्या बारा टेक्नॉलॉजी वाचून काही कळत नाही. एखादी मुलगी सांगते की दर वेगळ्या फाइलमध्ये का ठेवला, मराठी आकडे का जुळले नाहीत, डेसिमल का घेतलं, तेव्हा पाच मिनिटांत कळतं की हिनं स्वतः केलंय. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, कारण सांगायला तिच्याकडं काहीतरी असतं. पुढं ओपन सोर्समध्ये (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) शिरायचं असेल तर लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर सुधारण्यापासून सुरू करा, आणि गूगल समर ऑफ कोड हा नवख्यांना ओपन सोर्सचं काम देणारा कार्यक्रमसुद्धा २०२२ पासून फक्त कॉलेजच्या मुलांपुरता राहिलेला नाही, नोकरी करत शिकणाऱ्यांनाही अर्ज करता येतो.

शेवटचं काम, प्रोग्रॅम आपोआप चालवायचा. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी लिनक्समधली सोय) १, ११ आणि २१ तारीख टाका, सकाळी सात वाजता आधीच्या दिवसांचं बिल तयार. फक्त एक लक्षात घ्या, तिसरं बिल दर वेळी दहा दिवसांचं नसतं, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ, ३१ च्या महिन्यात अकरा. मी दहा धरून चाललो होतो आणि मार्चच्या ३१ तारखेचं दूध दोन्ही बिलांतून गायब झालं, ते वडिलांनी वही बघून पकडलं. तेव्हा दिवस मोजू नका, तारखेपासून तारखेपर्यंत धरा.