नृत्याच्या उन्हाळी शिबिराची तयारी: कोकणातल्या पालकांसाठी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मला हमखास फोन येतो. "बाई, परीक्षा संपली. हिला आता पुण्याला नाहीतर मुंबईला एखाद्या शिबिराला घालू का?" घाला की. पण तोवर चांगल्या शिबिरांच्या जागा भरलेल्या असतात, गाडीचं तिकीट मिळत नाही आणि मुलीचे पाय रोजच्या पाच-सहा तासांच्या मेहनतीला तयार नसतात. अमेरिकेत बॅलेच्या उन्हाळी शिबिरांच्या निवडचाचण्या जानेवारी-फेब्रुवारीतच होतात. आपल्यालाही जानेवारीतच सुरुवात करायला हवी.

मी रत्नागिरीत कथक शिकवते, त्यामुळे उदाहरणं कथकची येतील. भरतनाट्यमच्या मुलांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे. हा लेख साधारण १२ ते १८ वयाच्या, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत प्रवेशिका पूर्ण किंवा मध्यमेपर्यंत पोचलेल्या आणि पुढे नृत्यच करावं असं मनात असलेल्या मुलामुलींसाठी आहे. सुट्टीत मन रमावं म्हणून असणाऱ्या आठ दिवसांच्या वर्गाला एवढी तयारी लागत नाही.

जानेवारी: आधी आपल्या गुरूंना विचारा

फॉर्म भरण्याआधी मुलाच्या गुरूंकडे जा. हा केवळ मानाचा प्रश्न नाही. कथकमध्ये लखनौ, जयपूर आणि बनारस घराण्यांची हस्तकं (हातांच्या हालचाली), उभं राहण्याची ढब, चक्कर घेण्याची पद्धत वेगवेगळी आहे. भरतनाट्यममध्ये कलाक्षेत्र आणि पंदनल्लूर बाणीत (शैलीत) असाच फरक दिसतो. अठरा वर्षांच्या मुलीला हा फरक बघून शिकता येतं. बारा वर्षांच्या मुलीचा मात्र गोंधळ उडतो, आणि परत आल्यावर वर्षभर हात ना इकडचा ना तिकडचा राहतो. कुठे पाठवायचं आणि यंदा पाठवायचं का, हे गुरूंना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. गुरू "यंदा नको" म्हणाले तर कारण विचारा आणि त्यावर वर्षभर काम करा.

शिबिर कसं निवडायचं

जाहिरातीत मोठ्या कलाकाराचं नाव असतं, शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाचा फोटो असतो. पालक त्यावर भाळतात. मी आयोजकांना फोनवर आधी एकच विचारते: एका शिक्षकाकडे किती मुलं? दहा-बारा मुलांमागे एक शिक्षक असेल तर तुमच्या मुलीची टाच उशिरा पडते हे कुणाच्या तरी नजरेस येईल. पन्नास मुलं एका सभागृहात उभी असतील तर ती पुढच्या मुलीचं बघून नाचेल आणि जी चूक घेऊन गेली तीच पक्की करून येईल. नाचाची बांधणी घरी व्हिडिओ बघूनही पाठ होते. दुरुस्तीसाठी मात्र समोर जाणकार माणूसच लागतो, आणि आपण पैसे त्याचेच भरतो.

मग पुढचे प्रश्न. ज्यांचं नाव छापलं आहे ते स्वतः किती दिवस, रोज किती तास शिकवणार? उद्घाटनाला येऊन जाणार असतील तर त्या नावावर शिबिर निवडू नका. पढंत घेतात का? तबला आणि लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) प्रत्यक्ष असतो की सगळं रेकॉर्डवर? बोल तोंडाने म्हणून, हाताने ताल धरून जे येत नाही ते पायातही नीट येत नाही, म्हणून पढंतीला वेळ देणारं शिबिर मी डोळे झाकून पसंत करते. आठवड्यात सुट्टीचा एक दिवस आहे का? नसेल तर दोनदा विचार करा. वाढत्या वयातल्या हाडांना तो दिवस लागतोच.

नाचायची जमीन कशी आहे हेही विचारा. खाली पोकळी असलेला लाकडी तळ असेल तर उत्तम. सिमेंटवर थेट बसवलेल्या ग्रॅनाइट किंवा लादीवर रोज पाच तास तत्कार (पायाने काढायचे तालाचे बोल) करायचा असेल तर नळीची, म्हणजे नडगीची हाडं दुखणारच.

राहण्याची सोय असेल तर न लाजता विचारा: मुलींच्या खोल्यांजवळ रात्री कोणती जबाबदार बाई असते, मुलांना घरी फोन कधीही करता येतो का, अंगाला हात लावून ठेवण दुरुस्त करताना आधी विचारतात का. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि मुलीला निघण्यापूर्वी स्पष्ट सांगा की शिकवणारा कितीही मोठा असो, वागणं खटकलं तर त्याच मिनिटाला फोन करायचा, आम्ही त्याच रात्री निघू. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक तिला पाठ हवा.

फेब्रुवारी: निवडीचा व्हिडिओ

बऱ्याच शिबिरांत तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ मागतात. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचा व्हिडिओ आम्ही किनाऱ्यावर घेतला. मागे समुद्र, मावळतीचा उजेड, पांढरा अंगरखा. बघताना डोळे निवले. निवड झाली नाही. नंतर तोच व्हिडिओ मी डोळे मिटून ऐकला तेव्हा चूक कळली: लाटांचा आवाज आणि वारा, बाकी काही नाही. वाळूत पाय रुततो, तळव्याचा आवाज उठत नाही, चक्कर घेताना टाच फिरत नाही. जे बघायला त्यांनी व्हिडिओ मागवला होता तेच त्यात नव्हतं. दोष माझाच होता. मी चित्र बघत बसले.

तेव्हापासून आम्ही व्हिडिओ माजघरात किंवा शाळेच्या हॉलमध्ये काढतो. फोन आडवा, कमरेच्या उंचीवर स्टुलावर टेकवलेला. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर चौकटीत, उजेड समोरून. पंखा बंद. आधी तीनतालात ठाय, दुगुण, चौगुण (संथ, दुप्पट, चौपट लयीत) तत्कार, मग एक तोडा (बोलांची छोटी रचना) पढंतीसह, मग थोडा अभिनय. मध्ये काटछाट करायची नाही. एखादी सम (तालाची पहिली मात्रा) चुकली तरी चालते. चुकल्यावर मूल लय कशी धरतं हेही बघणाऱ्याला कळतं.

अर्जात नृत्याचा अनुभव विचारतात तिथे आपली मुलं फक्त परीक्षांची नावं लिहितात. गणपतीत जाखडी नाचत असाल, शिमग्यात खेळ्यांबरोबर फिरला असाल, दशावताराच्या मंडळात बालभूमिका केली असेल तर लिहा. पायात चाळ बांधून रात्रभर ढोलकीवर फेर धरणाऱ्या मुलाच्या अंगात लय असते. तिचं मोल शहरातल्या गुरूंना कळतं.

तारखा आणि तिकीट

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं एक सत्र एप्रिल-मेमध्ये असतं. प्रात्यक्षिकाची तारीख शिबिराच्या मध्येच येत नाही ना, हे केंद्रावर विचारून घ्या. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे ही परीक्षा सहज सोडण्यासारखी नसते.

मे महिन्यात चाकरमानी गावाला येतात आणि कोकण रेल्वे भरून वाहते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे ४ मेच्या गाडीसाठी ५ मार्चला सकाळी ८ वाजता बसायचं. परतीचंही तेव्हाच बघा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो, त्याआधी मूल घरी हवं.

मार्च-एप्रिल: पाय तयार करा

इथे सर्वाधिक चूक होते. आठवड्यातून तीन दिवस तासभर क्लास करणारी मुलगी एकदम रोज पाच तास नाचू लागते आणि चौथ्या दिवशी नळी धरून बसते. हाड आणि स्नायू हळूहळू वाढवलेला भार पेलतात, एकदम टाकलेला नाही.

शिबिराच्या सहा आठवडे आधी रोज अर्ध्या तासापासून सुरुवात करा, आठवड्याचा एक दिवस पूर्ण विश्रांती. दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवा. तासाच्या पुढे गेलं की सकाळ-संध्याकाळ असे दोन भाग पाडा. शेवटच्या आठवड्यापर्यंत दिवसाला पावणेदोन-दोन तास झाले की पुरे. शिबिराच्या आदले दोन दिवस हलकेच घ्या. आधी दहा मिनिटं अंग गरम करायचं, शेवटी पोटऱ्या आणि मांड्या ताणायच्या. रोज वीस-पंचवीस वेळा पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली केल्या तर पोटऱ्या तत्काराला साथ देतात.

जमिनीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. घराला अजून चोपून सारवलेलं अंगण किंवा खळं असेल तर तत्कार तिथे करा, सकाळी उन्हं यायच्या आत. मातीची जमीन पायाचा दणका थोडा स्वतःत घेते, लादी तो सगळा परत वर पाठवते. लादीच असेल तर घरी पाय दणकन आपटू नका. निम्म्या जोराने, स्वच्छ बोल काढायचा. जोर शिबिरात चांगल्या जमिनीवर लावता येईल.

दुखण्यांत फरक करायला मुलाला शिकवा. स्नायू भरून येतात आणि एक-दोन दिवसांत मोकळे होतात, त्याची काळजी नाही. पण नळीच्या हाडावर बोट दाबल्यावर एका ठरावीक जागी कळ येत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, किंवा गुडघ्याच्या वाटीखाली गाठीसारखं उंच येऊन दुखत असेल तर नाच थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. उंची झपाट्याने वाढणाऱ्या मुलांत हे दिसतं. मुलीची पाळी सुरू होऊन स्थिरावली असेल आणि मेहनत वाढल्यावर ती काही महिने चुकली, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. बहुतेक वेळा खाणं कमी पडत असतं.

आणि खाण्यावरून मुलीला "बारीक हो" असं कुणीही म्हणायचं नाही. आपलं घरचं अन्नच तिला उभं ठेवतं: सकाळी उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी किंवा आंबील, मासे, अंडी, उसळी. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सोबत आमसुलं बांधून द्या. घाम फार आला तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण तिला लिहून द्या. चमचा चहाचा.

घुंगरू

आपल्या खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडतं आणि आतली गोळी लोखंडी असेल तर गंजून आवाज बसतो. शिबिराच्या महिनाभर आधी घुंगरू सोडवून चिंचेच्या पाण्यात घोळवा, साध्या पाण्याने धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. हलवून ऐका, जो ठस्स वाजतो तो बाजूला. मग नव्या सुती दोरीत एकेक गाठ मारत पुन्हा ओवा. हे काम मुलीने स्वतः करायचं, आईने नाही. शंभर घुंगरांना शंभर गाठी मारताना कुठली सैल राहिली ते तिलाच कळतं, आणि चकरेत दोरी सुटली तर ती तिथेच बसून बांधू शकते. नवी दोरी ताणते, म्हणून आठवडाभर घरी बांधून नाचा आणि पुन्हा आवळा.

पैशाचं थोडक्यात

शुल्काबरोबर राहणं, जेवण, दोन्ही वेळचा प्रवास आणि सोबत जाणाऱ्याचा खर्च धरा. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांसाठी असते. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये. बारावीनंतर नृत्यातच पदवी घ्यायचा विचार असेल तर मुंबईचं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आणि पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र शिबिराच्या निमित्ताने मुलाला दाखवून आणा.

परत आल्यावर

जाताना मुलीला दोनशे पानी वही द्या. उजव्या पानावर बोल आणि तोडे, डाव्या पानावर फक्त तिला सांगितलेल्या दुरुस्त्या, तारखेसह. ती परत आली की पहिल्या संध्याकाळी "काय नवीन शिकलीस, नाचून दाखव" म्हणून पाहुण्यांसमोर उभी करू नका. जेवू द्या, दोन दिवस झोपू द्या. त्यानंतर सगळी पढंत एकदा फोनवर रेकॉर्ड करून घ्या. पंधरा दिवसांत निम्मे बोल विसरतात.

मग पहिल्या क्लासला ती वही गुरूंना दाखवायची, तीही डाव्या बाजूने. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका वहीत बावीस दिवसांत अकरा वेळा एकच वाक्य होतं: "डावी टाच उशिरा." दोन वर्षं ती टाच माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या दिवशी आम्ही नवीन तोडा काढलाच नाही. उजवा पाय स्थिर ठेवून फक्त डावी टाच, ठायीत, तासभर.