ट्रोलिंगच्या बोटीसाठी रॉड होल्डर घेताय? या चुका टाळा

ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे लाइन ओढत केलेली मासेमारी, आणि रॉड होल्डर म्हणजे तेव्हा रॉड धरून ठेवणारी काठावरची नळी. होल्डर घेताना आपण होल्डरकडे बघतो आणि मोडतं मात्र भलतंच. नळी क्वचितच तुटते. स्क्रू उपटून येतात, काठाचं फायबर फाटतं, नाहीतर आतली फळी कधीच सडून गेलेली असते. वर्सोव्याला उभी असलेली छोटी फायबर बोट घ्या की माझगावची, होल्डरची बहुतेक रडगाणी काठाच्या खालूनच सुरू होतात. म्हणून इथे चकाकीबद्दल कमी आणि खालच्या अंधाराबद्दल जास्त बोलायचं आहे.

ताणाचा हिशेबच न करणं

"रॉड आणि रील मिळून तीन किलो, होल्डरवर असा किती भार येणार?" हा विचार हमखास फसतो. वजनाचं काही नाही, खरा त्रास तरफेचा आहे. ५० पाउंडाची लाइन असेल तर ड्रॅग (किती ओढ बसल्यावर रीलने लाइन सोडायची ते ठरवणारा ब्रेक) साधारण तिच्या पाव ते एक तृतीयांश ताकदीवर लावतात, म्हणजे ६-७ किलो. बोट सहा नॉटने चालली आहे आणि मासा लागल्यावर वाकलेल्या रॉडचं टोक काठापासून मीटरभर उंच आहे असं धरा. होल्डरची नळी २० सेंटिमीटर खोल असेल तर रॉडचा बुंधा नळीच्या वरच्या कडेला आणि तळाला उलट दिशांनी ३५-३५ किलोंचा रेटा देतो. नळीला काठाखाली दुसरा आधार नसतो. सगळा पीळ वरच्या फ्लँजवर, म्हणजे काठावर टेकणाऱ्या चपट्या कडेवर, येतो. फ्लँजच्या बोल्टमध्ये आठेक सेंटिमीटर अंतर असेल तर नाळेकडच्या (बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या) बोल्टना वर उपटणारा जोर ९० किलोंच्या घरात जातो.

हे सगळं ड्रॅग नीट सुटत असताना. ड्रॅग मिठाने आखडला असेल, किंवा मासा सुटू नये म्हणून कोणी तो आवळून ठेवला असेल, तर लाइन तुटेपर्यंत हाच आकडा तिप्पट होतो. त्यात आपला समुद्र. उधाणाच्या भरतीनंतर खाड्यांतून वाहून आलेलं प्लास्टिक, तुटक्या जाळ्यांचे गुंते, डोल जाळ्यांच्या बोयांचे दोर. लुअर (नकली आमिष) त्यात अडकला की होल्डरला ओढणारी असते चालती बोट, तीही आपलीच. सुरमईच्या झटक्यापेक्षा हा प्रसंग मुंबईत जास्त वेळा येतो, तेव्हा होल्डर मजबूत हवा तो आधी कचऱ्यासाठी!

पाकिटातल्या स्क्रूवर भागवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. होल्डरच्या पाकिटात चार स्क्रू येतात, फिटर ते काठात पिळतो, होल्डर हलत नाही, सगळे खूश. पण छोट्या बोटीच्या काठाचं फायबर चार-पाच मिलिमीटर जाड असतं. त्यात स्क्रूचे मोजून दोन-तीन आटे बसतात. पहिल्या काही फेऱ्यांत काही होत नाही. मग आउटबोर्डची थरथर आणि लाटांवरची आदळआपट आटे सैल करते, फटीतून खारं पाणी शिरतं आणि एक दिवस रॉड, रील आणि होल्डर तिन्ही एकदम समुद्रात.

होल्डर आरपार बोल्टनेच बसवा. सहा मिलिमीटरचे बोल्ट, खालून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने न सुटणारे), आणि नट व फायबर यांच्यामध्ये बॅकिंग प्लेट. नुसते वॉशर लावले की जोर चार नाण्यांएवढ्या जागेवर येतो. प्लेट लावली की तोच जोर तळहाताहून मोठ्या जागेवर पसरतो. प्लेट सहा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची, जाड फायबर शीटची किंवा एचडीपीईची चालते. फ्लँजच्या चारही बाजूंनी ती दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आली पाहिजे आणि तिच्या कडा घासून गोल केलेल्या हव्यात, नाहीतर तीच कड फायबर कापते. रे रोडच्या दारूखाना भागातल्या भंगारात अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटचे तुकडे सापडतात, त्यासाठी नवी शीट घ्यायची गरज नाही. प्लायवूडचा तुकडा मात्र लावू नका. चारही बाजूंनी आणि भोकांच्या आतून इपॉक्सी पाजलेला नसेल तर तो दोन पावसाळ्यांत भुसा होतो.

काठाच्या आत फोम किंवा बाल्सा भरलेला असेल तर काम थोडं वाढतं. भोक मोठं पाडायचं, आतला गाभा कडेने थोडा कोरायचा, इपॉक्सी भरून वाळू द्यायचं आणि मग त्यातून योग्य मापाचं भोक पाडायचं. हे टाळलं तर बोल्ट आवळताना काठ दबतो, आणि दबलेल्या काठाच्या कडेने पाणी गाभ्यात मुरतं. लाकडी होडीवर प्रश्न सोपा आहे. लाकूड भरीव असतं, आरपार बोल्ट आणि खाली रुंद पट्टी पुरते.

फटी बुजवायला बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. बोटीसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट घ्या, पण कायमचा चिकटणारा जहाल प्रकार नको. उद्या होल्डर बदलायचा झाला तर जेलकोटचा (फायबरवरच्या चकचकीत थराचा) पापुद्रा घेऊनच वर येईल. आणि हे काम पावसाळ्यावर ढकलू नका. १ जूनला मासेमारीबंदी लागते, होड्या शाकारल्या जातात, हाताला वेळच वेळ असतो हे खरं, पण जुलैच्या दमट हवेत ओला गाभा वाळता वाळत नाही. मे महिन्यातच उरका.

चुंबक चिकटला नाही म्हणजे "मरीन स्टील"

नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात स्टेनलेसच्या ३१६ या जातीबद्दल विचारा, "शेठ, ३१६ आहे ना?" उत्तर ठरलेलं: "तीनसौ सोलाही है साहेब, मॅग्नेट लगाके देखो." आपण चुंबक लावतो, तो चिकटत नाही, आपण पैसे देतो. गंमत अशी की ३०४ ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, ३१६ ला नाही, आणि स्वस्तातल्या २०२ लाही नाही. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं २०२ स्वयंपाकघराच्या रॅकला ठीक आहे. समुद्रावर त्याला महिन्या-दोन महिन्यांत तांबूस पुरळ येतं.

३१६ मध्ये दोन-अडीच टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यापुढे तेच टिकाव धरतं. ते आहे की नाही हे बघायला मॉली टेस्टची बाटली मिळते. पृष्ठभागावर थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी काही सेकंद टेकवली की रंगावरून कळतं. मोठ्या भंगारवाल्यांकडे धातू ओळखणारी गनही असते, ओळख असेल तर एका मिनिटात काम होतं.

बोल्टकडे तर कोणी बघतच नाही. डोक्यावर ए४ छापलेलं असेल तर बोल्ट ३१६ च्या जातीचा, ए२ असेल तर ३०४ च्या. उत्तम होल्डरला जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट लावलेले बघितले की जीव तुटतो. स्टेनलेसचे बोल्ट आवळताना आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा. कोरडे आटे एकमेकांत जाम होतात आणि मग नट निघतही नाही, आवळतही नाही.

वेल्डिंग उलटं करून तपासा. नळी आणि फ्लँजच्या सांध्यावर पूर्ण गोल वेल्ड हवा, चार ठिकाणी टाचलेला नको. वेल्डभोवती काळपट-निळसर डाग तसेच राहिले असतील तर गंज तिथूनच धरणार.

बोटीवर अ‍ॅल्युमिनियमचा टी-टॉप (नळ्यांच्या सांगाड्यावरचं छप्पर) असेल आणि त्यावर स्टेनलेसचा होल्डर थेट कसला असेल, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि तीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. रंगाखाली पांढरी पूड दिसू लागली की समजा. मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा रबरी पॅकिंग घाला, बोल्टला विलगीकरणाची पेस्ट लावा.

प्लास्टिकचे होल्डर अगदीच टाकाऊ नाहीत. काच-तंतू मिसळलेले, ऊन सोसणारे चांगले नायलॉन होल्डर हलक्या ट्रोलिंगला चालतात. पीव्हीसी पाइप कापून केलेले मात्र रॉड उभे करून ठेवण्यापुरतेच.

कोन न बघता घेणं

फ्लश-माउंट (काठात भोक पाडून बसवायचे) होल्डर साधारण ०, १५ आणि ३० अंशांत येतात. हे अंश उभ्या रेषेपासून मोजलेले असतात. मागच्या कोपऱ्यांना १५ आणि बाजूंना ३० ही मांडणी बहुतेक छोट्या बोटींना जमते, कारण बाजूचे रॉड बाहेर झुकले की लाइन फाकतात आणि वळताना गुंतत नाहीत. ० अंशाचा होल्डर रॉड ठेवायला छान, ट्रोलिंगला नाही. काही होल्डर डाव्या-उजव्या जोडीने येतात. दोन्ही डावे घेऊन घरी आलात तर एक रॉड बोटीत झुकेल!

भोक पाडण्याआधी रॉडला रील लावून होल्डर हातात धरून बघा. रीलचं हँडल काठाला लागतं का, शेजारच्या रीलला टेकतं का, मासा ओढत असताना रॉड उपसता येईल का. ताणाखाली रॉड नळीच्या कडेवर अडकतो. तो आधी नाळेकडे उभा करून मग वर खेचावा लागतो. कोन जास्त तिरपा असेल तर हलक्या अंगाच्या माणसाला हे जमतच नाही, आणि तांडेलाला वेग कमी करावा लागतो.

काठाच्या खाली हात घालून चाचपा. नळी वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली उतरते. तिथे इंधनाचा पाइप किंवा वायरिंग असतं. होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) चालवायच्या आधी जागेवर मास्किंग टेप लावा आणि सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा, म्हणजे जेलकोटच्या कपच्या उडत नाहीत. भोक होल्डरच्याच कोनात तिरपं पाडायचं असतं. सरळ पाडून नंतर कानशीने वाढवलेल्या भोकात फ्लँजच्या बाहेर फट डोकावते.

तळाची पिन विसरणं

नळीच्या तळाशी आडवी पिन असते. ट्रोलिंग रॉडच्या बुंध्याला फुलीसारखी खाच असते, ती या पिनवर बसते आणि रील खाली फिरत नाही. पिन नसलेला होल्डर स्वस्त असतो आणि जड रील त्यात लोळते. पिन दाबून बसवलेली असेल तर हलवून बघा, वेल्ड केलेली बरी. स्पिनिंग रॉडला खाच नसते. तो वापरणार असाल तर बुंध्याला जाड रबरी टोपी घाला, नाहीतर पिन बुंधा कुरतडते.

क्लॅम्प, रॉकेट लाँचर आणि बाहेर आलेले होल्डर

रेलिंगला कसायचे क्लॅम्प होल्डर सोयीचे, काढून घरी नेता येतात. पण क्लॅम्पची ताकद रेलिंगहून जास्त नसते. २५ मिलिमीटरच्या पातळ नळीवर तो झटक्यासरशी गोल फिरतो. टी-टॉपवरची रॉकेट लाँचरची, म्हणजे उभ्या होल्डरची, रांग ये-जा करताना रॉड ठेवण्यासाठी असते. तिच्यात सात किलोंच्या ड्रॅगचा रॉड लावून सकला माशाची वाट बघणं म्हणजे टी-टॉपचे वेल्ड पणाला लावणं. आणि बाजूला बाहेर आलेले होल्डर आपल्याकडे नकोतच. भाऊच्या धक्क्याला बोटीला बोट खेटून लागते. तिथे असा होल्डर आठवडाभर टिकला तरी पुष्कळ.

बिघाड कसा ओळखायचा

फ्लँजच्या कोपऱ्यांपासून जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा फुटल्या असतील तर खाली प्लेट नाही किंवा लहान आहे. भेगा बुजवत बसू नका, आधी खालून बघा. काठावरून तपकिरी ओघळ येत असेल तर पाणी फ्लँजखाली साचतंय. हवा न लागणाऱ्या फटीत स्टेनलेसही गंजतं. होल्डर काढा, घासा, पुन्हा सीलंट लावून बसवा. चालत्या बोटीत खडखड आवाज येतो तो बहुधा आतला विनाइलचा अस्तर-पाइप झिजल्यामुळे. अस्तर वेगळं मिळत असेल तर एक जादा घेऊन ठेवा. रॉड आत अडकत असेल तर उन्हाने फुगलेली रबरी टोपी किंवा तळाला साचलेलं मीठ आणि वाळू कारणीभूत असते.

बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) विनाकारण पाणी दिसलं तर होल्डरचे तळ तपासा. उघड्या तळाच्या होल्डरमधून पावसाचं आणि धुण्याचं पाणी थेट काठाच्या आत पडतं. बंद तळाचा, निचऱ्याची नळी जोडता येणारा होल्डर घ्या आणि ती नळी डेकवर काढा. वर रबरी टोपण लावा.

नवा होल्डर बसवल्यावर धक्क्यावरच ताण देऊन बघा. लाइनला सामानाचा हँगिंग काटा बांधायचा, एकाने काट्यावर १० किलो येईपर्यंत मागे ओढायचं आणि दुसऱ्याने काठाखाली हात लावून ठेवायचा. फायबर हाताला हललेलं जाणवलं तर प्लेट मोठी करा. तोवर रॉडला सेफ्टी दोरी बांधल्याशिवाय खांदेरीकडे निघू नका, आणि ती दोरी होल्डरला नाही, क्लीटला (बोटीचा दोर बांधायच्या खुंटीला) बांधा. बजेट कमी असेल तर चार साधे घेण्यापेक्षा मागच्या दोन कोपऱ्यांना दोन पक्के बसवा. बाकीचे पुढच्या हंगामात बघता येतील.